मुठीतला आंधळा सिंह

मित्रांनो, वाळूखाली एका चिमुकल्या मुठीत पडून राहिलेला मी एक जुना हिरवा खडा आहे. माझ्यावर सिंहाच्या तोंडाचा साप कोरलेला आहे.

नाईलकाठच्या पेबोसने मला घडवले. डोळा कोरताना त्याचा हात घसरला आणि सिंह आंधळा झाला. तो मला फेकून देणार होता, पण त्याची बायको तेहात म्हणाली, "राहू द्या हो. खऱ्याला तरी कुठे दिसतंय?"

खरा म्हणजे ज्याचे रूप माझ्यावर आहे तो, हे वेडेवाकडे जग करणारा देव. पेबोस-तेहातच्या पंथातली माणसे मानत, की वरच्या उजेडातल्या प्रज्ञादेवीला तो झाला आणि त्याचे रूप बघून ती लाजली. तिने त्याला ढगात लपवले. आजूबाजूला कोणी दिसेना, म्हणून तो म्हणू लागला, मीच एकटा देव. मेलेल्याला तो वेशीवर अडवतो आणि विचारतो, तू कोणाचा? नेमके उत्तर दिले तरच वर जाता येते, नाहीतर पुन्हा या मातीतच जन्म.

तेहातची लेक तबेस तापाने फणफणली. औषधे हरली, तेव्हा तेहातने मरणाऱ्याला वर धाडायच्या विधीचे तेल-पाणी तिच्या डोक्यावर घातले, मला तिच्या मुठीत दिले आणि ती उत्तर पाठ करून घ्यायला बसली.

"म्हण बाळा, मी तुझी नाही, मी उजेडाची लेक."

"आई, खजूर कोणी केले?"

"त्यानेच."

"आणि आपली मांजर?"

"तीपण. किती बडबडशील? म्हण आधी."

"मग तुझी नाही असं कसं म्हणू? त्याला वाईट वाटेल. त्याच्या आईने त्याला मांडीवर घ्यायचं होतं ना. मी सांगते त्याला, तुझी आई वर आहे, चल माझ्याबरोबर."

"असलं बोलू नकोस गं. अडकशील तिथेच." तेहात रडू लागली.

सकाळी तबेस गेली. उत्तर तिने म्हटलेच नव्हते. तेहातला माझा संताप आला. "सोड मेल्या माझ्या पोरीला," म्हणत ती मला मुठीतून ओढू लागली.

"राहू दे गं," पेबोस म्हणाला. "तिनेच धरलाय."

मग तेहात खाली बसली. माझ्या बिघडलेल्या डोळ्यावर अंगठा ठेवून तिने विनवले, "बाबा रे, लहान आहे ती. उत्तर चुकलं तर रागावू नकोस तिला."

तबेस वेशीपार गेली का, मला ठाऊक नाही. ते आठवले की दगड असूनही गलबलून येते. मित्रांनो, तुम्ही घडवलेले काही वाकडे झाले, तर ते लपवू नका, जवळ घ्या. मला तबेसने अजून सोडलेले नाही.