आधी चहा उचला

अंगावर कपांचे गोल डाग दिसले म्हणून मला टेबल समजू नका, मित्रांनो. मी एक जुना प्रीअँप आहे. गिटारचा आवाज वायरीतून येतो तेव्हा फार अशक्त असतो. उत्तर न येणाऱ्या मुलासारखा पुटपुटत येतो. त्याच्या अंगात बळ भरायचं आणि ताठ मानेनं रेकॉर्डिंगला पाठवायचं, हे माझं काम. माझ्या पोटात काचेचे व्हॉल्व्ह आहेत. ते तापले की नारिंगी उजळतात आणि मग मी खरा जागा होतो.

मला भाऊंनी घडवलं. भाऊ रेडिओ दुरुस्त करायचे. मोडीत निघालेल्या रेडिओंचे चांगले व्हॉल्व्ह ते कापसात जपून ठेवत. त्यांतले निवडक माझ्या वाट्याला आले. लेकीच्या नवऱ्यानं घरामागच्या खोलीत स्टुडिओ थाटला, तेव्हा भाऊ मला पांघरुणात गुंडाळून घेऊन आले.

“जावईबापू, हा पठ्ठ्या उठायला वेळ घेतो,” ते म्हणाले. “बटण दाबा, चहा टाका, निवांत प्या. मग वाजवा.”

“हो, हो,” जावईबापू म्हणाले. त्यांचा ‘हो’ एकदा आला तर होकार असतो; दोनदा आला तर लक्ष दुसरीकडे असतं.

तरी माझी पहिली वर्षं थाटात गेली. भाऊंची लेक सकाळी स्वयंपाकघरात जाताना माझं बटण दाबून जायची. वादक येईपर्यंत मी छान तापलेला असे. लोक आवाजाचं कौतुक करत आणि जावईबापू ते स्वतःच्या खात्यावर जमा करून घेत.

मग लेकीला नोकरी लागली. ती सकाळीच बाहेर पडू लागली. आता जावईबापू वादकाला खुर्चीत बसवून मग मला सुरू करत आणि लगेच म्हणत, “वाजवा!” झोपेतून उठवून कुणाला गायला लावलं तर काय होईल? माझा आवाज पातळ निघे, खरखरे. “म्हातारा झाला,” असा निकाल देऊन त्यांनी डब्याएवढं, निळे दिवे लुकलुकणारं नवं यंत्र आणलं.

एकदा मी चुकून चालू राहिलो आणि कुणीतरी माझ्यावर कप ठेवला. “अरे वा! हा चहा गरम ठेवतो!” आवाजासाठीही माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. तेव्हापासून मी रोज सकाळपासून चालू असे. वायर मात्र एकही लावलेली नसे. डोक्यावर कप, पोटात उजेड आणि कामाच्या नावानं शून्य.

अशात एक दिवस दोघी बहिणी आपलं पहिलं गाणं घेऊन आल्या. धाकटी गिटार वाजवायची आणि गायची. थोरली बेस गिटार वाजवायची, म्हणजे जाड तारांची, गाण्याला पाया देणारी. धाकटीचं गाणं नव्या यंत्रातून उरकलं. थोरलीनं बेस वाजवला आणि जावईबापूंनी कपाळाला आठ्या घातल्या.

“हा बेस आहे की शेजारी कुणी कपाट सरकवतंय? राहू दे, हे मी कीबोर्डवर वाजवून टाकतो. ऐकणाऱ्याला काय कळतंय?”

“मला कळेल ना, दादा,” थोरली म्हणाली.

“ताई, रागावू नकोस,” धाकटी खाली बघत म्हणाली, “पण गाणं आजच द्यायचंय.”

“म्हणजे गाणं दोघींचं, आणि त्यात मीच नाही?”

थोरलीनं वायर गुंडाळायला घेतली. तेवढ्यात तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. कपांच्या मागून माझा नारिंगी उजेड दिसत होता.

“दादा, ह्यातून बघू या का?”

“त्यातून? अगं, त्यावर चहा राहतो!”

“मग चहा उचला.”

कप उचलले गेले. माझ्या पुढच्या भोकात वायर शिरली, आवाजाला बळ देणारं गेनचं बटण फिरलं. थोरलीनं जाड तार छेडली.

मित्रांनो, काय सांगू! आवाज आला तो गोल, भरदार, तुपासारखा दाट. खिडकीची काच थरथरली. पुढचा सूर तिनं जोरात काढला, तर मी त्याच्या कडेला जराशी गोड खरखर लावून दिली. धाकटी उडालीच. “ताई! अगं, हे तू वाजवतेयस?”

“नाही, शेजारी कपाट सरकवतायत,” थोरली म्हणाली आणि संपूर्ण गाणं एका दमात वाजवून मोकळी झाली. जावईबापूंनी कीबोर्डवर कापड टाकलं. धाकटी आपली गिटार पुन्हा पिशवीतून काढू लागली. “माझंही ह्यातूनच घ्या ना, दादा!”

गाणं भाऊंनी ऐकलं तेव्हा ते जावयाकडे बघून मिशीत हसले. “चहा होईपर्यंत थांबलात वाटतं?”

“हो, हो,” जावईबापू म्हणाले.

“अहो, खरं सांगा की!” लेक हसत म्हणाली. “चहानंच लाज राखली!”

म्हणून म्हणतो, मित्रांनो, जुन्या वस्तूला आधी अंगात ऊब येऊ द्या, मग तिच्याविषयी काय बोलायचं ते बोला. आणि विजेच्या यंत्रावर कप ठेवू नका. सांडला तर त्याचाही जीव जाईल आणि तुमचाही.

आता रोज सकाळी जावईबापू पहिलं माझं बटण दाबतात, मग चहा टाकतात. कप खिडकीत ठेवतात आणि गाण्याच्या नादात विसरतात. चहा पार गार होतो. मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही.