लाल मातीचा गणपती

कृतिकाने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि उभी चिरलेली प्लास्टिकची नळी त्यावर ठेवली. मानेसरजवळच्या बंद दगडखाणीत पाणी साठून खोल तळं झालं होतं. त्याच्या तळाचा गाळ नळीत होता, पट्ट्यापट्ट्यांचा.

"आजी, ही पिवळी म्हणजे मे-जूनची राजस्थानची धूळ. पावसात डोंगरावरून येते ती लाल. थंडीत सावकाश खाली बसते ती काळी. तिन्ही मिळून एक वर्ष."

"आणि ही राखाडी?"

"आपले गणपती. तिथेच विसर्जन होतं ना, ती शाडूची माती."

अहिल्याबाई खुर्ची ओढून पुढे सरकल्या. मराठी मंडळाचं पत्रक उद्या छापायला जाणार होतं. त्यात लिहिलं होतं, उत्सव बावीस वर्षांचा आणि सुरू करणारा मंडळाचा अध्यक्ष दिलीप. अहिल्याबाई म्हणत होत्या, तीस वर्षं झाली आणि सुरुवात आमच्या ह्यांची, विश्वासरावांची. "काकू, आता वय झालं तुमचं," असं दिलीप फोनवर मायेने म्हणाला होता. ते जास्तच लागलं होतं.

कृतिकाने राखाडी पट्ट्या मोजल्या. "एकेचाळीस!"

"काहीतरीच! तेव्हा आम्ही पानिपतला होतो." मग त्या थबकल्या. "अगं, महिन्याभराने बंगाल्यांची दुर्गाही तिथेच बुडते की!"

"यार आजी, आधी सांगायचं ना!" कृतिकाने आता पिवळी धूळ धरून मोजलं, ती वर्षाला एकदाच. सर्वांत खालची राखाडी पट्टी बावीस वर्षांपूर्वीची निघाली.

म्हणजे दिलीप खरा?

"पण तेव्हा इथे शाडू कुठे मिळायची? हे खाणीकाठचीच लाल माती मळायचे."

"मग ती लालमध्ये लाल मिसळली. आजोबा त्यात असतील, नसतीलही. गाळ सांगणार नाही."

अहिल्याबाईंना विश्वासरावांचे लाल हात स्वच्छ दिसत होते. पण ते खाणीच्या काठावर मळत होते, की पानिपतच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात? दोन्हीकडे तेच बनियन होतं.

त्यांनी फोन लावला. "दिलीप, तुझंच वर्ष छाप."

"बरं, काकू."

"थांब, छापू नकोस. तू पहिल्यांदा आरतीला आलास, तेव्हा मखरात मूर्ती होतीच ना? कुठल्या रंगाची?"



"लालसर," दिलीप म्हणाला. "का तो गुलाल होता, काकू?"