वरच्या मजल्याचं पाणी

तिने शॉवरची चकती फिरवून काढली, आतली जाळी उजेडाकडे धरून पाहिली आणि नवऱ्याच्या हातात ठेवली. जाळी लख्ख होती.

"म्हणजे बिघाड पाइपातच," तो म्हणाला. "आता भिंत फोडा, फरशी उखडा. त्यापेक्षा ती नवी जागा घेऊन टाकू. उद्या हो म्हणून कळवतो."

"भिंतीला हात लावायच्या आधी मला टाकीपर्यंत जाऊ दे. पंपांच्या दुकानात वाढलेय मी."

"जा, इंजिनीअरबाई."

महिनाभर वरच्या मजल्यावर पाणी करंगळीएवढं येत होतं. खाली सासूबाईंकडे मात्र धो धो. त्यामुळे रोज सकाळी दोघं खांद्यावर टॉवेल टाकून खाली आंघोळीला जात आणि सासूबाईंच्या हातचा चहा पिऊनच वर येत. नवऱ्याला त्या खेपांचा वीट आला होता. तिला नव्हता. हे घर सोडायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं, पण कोरड्या नळापुढे तिचं काही चालत नव्हतं.

गच्चीवर जाऊन तिने टाकीत डोकावलं. टाकी काठोकाठ भरलेली. खाली दोन पाइप उतरत होते, एक वरच्या मजल्याला, एक सासूबाईंच्या. सासूबाईंच्या पाइपाचा व्हॉल्व्ह गंजून घट्ट बसला होता. वरच्या मजल्याच्या व्हॉल्व्हचं चाक मात्र बोट लावताच फिरलं. तो जवळजवळ बंदच होता, आणि व्हॉल्व्ह आपोआप बंद होत नसतात. चाकाखाली कपड्यांचा एक निळा चिमटा पडला होता.

गुडघे कितीही कुरकुरले तरी कपडे वाळत घालायला सासूबाई दुसऱ्या कुणाला गच्चीवर येऊ देत नसत.

मागे बादलीची कडी वाजली. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी चाकाकडे पाहिलं, मग बादलीतल्या ओल्या कपड्यांकडे.

"आई, पाणी येत नाही म्हणून हा नवी जागा घ्यायला निघालाय. उद्या कळवणार होता."

सासूबाईंनी बादली खाली ठेवली.

"मला वाटलं, वर पाणी असलं की तुम्ही खाली कशाला याल."

तिने चाक पुरतं उघडलं, चिमटा उचलला आणि बादलीतल्या कपड्यांवर ठेवला. तेवढ्यात खालून नवऱ्याची हाक आली.

"आलं गं! काय झालं होतं?"

"कचरा अडकला होता," ती कठड्यावरून वाकून म्हणाली. "त्या जागेवाल्याला नको म्हणून सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा शॉवरखाली गळा मोकळा करून गात होता. ती खांद्यावर टॉवेल टाकून जिना उतरली. सासूबाईंनी गॅसवर एकाच कपाचं आधण ठेवलं होतं. तिला पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"पुन्हा गेलं का पाणी? मी हात नाही हो लावला."

"धो धो येतंय," ती म्हणाली आणि त्यांच्या बाथरूमचं दार उघडलं. "आधण वाढवा, आई. गाणं संपलं की तोही येईल."