उरलेल्या दोन गोळ्या

सहदेव परब दर अठ्ठाविसाव्या दिवशी यायचा, डबी माझ्या टेबलावर पालथी करायचा आणि आतून बरोब्बर दोन गोळ्या पडायच्या. तीसच्या डबीत तेवढ्याच उरायला हव्यात. घाटकोपरच्या या एचआयव्ही उपचार केंद्रात मी चौदा वर्षं समुपदेशक आहे. कुणाच्या सात उरतात, कुणाची डबीच हरवते, कुणी गणपतीला गावी जातो आणि गोळ्या मुंबईत विसरतो. त्यामुळे सहदेव माझा लाडका होता. बाकावर थांबलेल्या सगळ्यांना मी त्याच्या दोन गोळ्या दाखवायचे आणि म्हणायचे, बघा, शिका जरा.

सहा महिन्यांनी त्याचा रिपोर्ट आला आणि माझं डोकंच फिरलं. रक्तातले विषाणू लाखाच्या वर. आजाराशी लढणाऱ्या सीडी-फोर पेशी सुरुवातीला बासष्ट होत्या, त्या आता अठ्ठेचाळीस. धडधाकट माणसात त्या पाचशेच्या वर असतात. मी लॅबला फोन लावून भांडले. नमुना बदलला असेल, नाव परत बघा, म्हटलं. त्यांनी परत बघितलं, रिपोर्ट त्याचाच होता.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको मालन आली. तिला त्याच्या आजाराचं सगळं ठाऊक होतं. तिची स्वतःची तपासणी निगेटिव्ह होती आणि रोज सकाळी आठचा गजर झाला की गोळी नवऱ्याच्या हातावर तीच ठेवायची. तिनं रुमालाची गाठ सोडली. आत एक अर्धवट विरघळलेली गोळी होती. धुवायला टाकलेल्या युनिफॉर्मच्या खिशात सापडली, म्हणाली.

मालनला बसवून ठेवून मी सहदेवला बोलावून घेतलं. तो खोकत आला. शर्ट खांद्यावरून उतरत होता, इतका वाळला होता. मी विचारपूस वगैरे काही केली नाही, सरळ तासायला घेतलं. एवढी वर्षं घसा फोडून आम्ही सांगतो ते काय भिंतींना? ही बायको समोर बसलीय, तिचं काय? गोळ्या कुठे गेल्या ते त्यानं शेवटी मान खाली घालून सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. रोजची गोळी गालात धरून बाहेर पडायचा, खिशात काढून ठेवायचा आणि लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात टाकायचा, कारण तिथे दुसरं कुणी उतरत नाही.

"मग इथे बरोबर दोन कशाला आणायचात?" मी विचारलं.

"तुम्ही सगळ्यांसमोर कौतुक करायचात, मॅडम. तुमका खाली बघायला लागू नये म्हणून."

घाबरला की त्याच्या तोंडात मालवणी येते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गोळी सोडलीच का, ते मी अजून विचारलं नव्हतं. त्यानं आपणहून सांगितलं. सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात सणकून ताप आला, मानेला गाठ आली. गोळीआधी यातलं काही नव्हतं. गल्लीतल्या डॉक्टरच्या औषधानं फरक पडेना, तेव्हा त्यानं ही गोळी बंद केली. दहा दिवसांत ताप गेला, गाठही बसली. "तुम्हीच म्हणाला होतात, गोळी सुरू झाली की बरं वाटेल. मला तर सोडल्यावर बरं वाटलं."

मी तसंच म्हणाले होते. सगळ्यांना तसंच म्हणते, लवकर पटतं म्हणून.

मग मी त्याला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं ते सांगितलं. हा विषाणू पेशीत शिरतो आणि तिच्याच मूळ दप्तरात, म्हणजे डीएनएत, स्वतःला लिहून ठेवतो. नेमक्या त्या सीडी-फोर पेशी धरतो, ज्या बाकीच्यांना कामाला लावतात. त्या मेल्या की अंगात टीबी मुक्काम ठोकून बसला तरी कुणी कुणाला कळवत नाही. गोळीनं त्या पेशी थोड्या वाढल्या आणि लपलेला टीबी त्यांना दिसला. मग त्यांनी एकमेकींना निरोप धाडले. सायटोकाइन म्हणतात त्या निरोपांना. ताप आणि गाठ त्यांच्यामुळेच आली. गोळी थांबली, निरोप थांबले, टीबी मात्र तिथेच राहिला.

त्यानं मानेवर, गाठ होती तिथे, हात नेला.

"म्हणजे ताप आला तेव्हा मी बरा होत होतो?"

"हो," मी म्हटलं. "आणि तो येऊ शकतो हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे."

मालननं माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती ती गोळी रुमालात परत बांधली.

थुंकीत टीबी सापडला. डॉक्टरांनी आधी टीबीची औषधं सुरू केली, दोन आठवड्यांनी ही गोळी. या वेळी मी त्या दोघांकडून तीनतीनदा म्हणवून घेतलं: ताप आला तर गोळी सोडायची नाही, आम्हाला कळवायचं. बाकावरच्यांना डब्या दाखवणं मी बंद केलं.

गोळी पुन्हा सुरू झाल्यावर सोळाव्या दिवशी सकाळी साडेआठला फोन वाजला.

"मॅडम, ताप इलो." दात वाजत होते त्याचे. "गोळी खाल्लीय. मालनसमोर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला रागच आला.

"मग फोनवर काय बसलायत?" मी म्हटलं. "रिक्षा करा आणि या. डॉक्टर आलेत."