जाताना सात, येताना अडीच

मित्रांनो, मी भिंतीवरचं एक जुनं घड्याळ आहे. काठमांडूजवळच्या थानकोटमध्ये, कार्कींच्या घरात टांगलेलं. मी बिघडलेलं नाही, तरी बरोबर कधीच नसतं. माझे काटे गावाच्या वेळेपेक्षा सव्वादोन तास पुढे आहेत.

हे केलं नबराजनं, घरातल्या धाकट्यानं. क्वालालंपूरच्या हातमोज्यांच्या कारखान्यात त्याला काम लागलं, तेव्हा स्टुलावर चढून त्यानं माझे काटे फिरवले.

"आमा, हे आता तिकडची वेळ दाखवणार. माझी पाळी सुटली की फोन कर. उगाच झोपमोड नको हं!"

आमानं, म्हणजे त्याच्या आईनं, दाराच्या दोन्ही बाजूंना शुभशकुन म्हणून पाण्यानं भरलेल्या घागरी ठेवल्या, त्याच्या कपाळाला दही-तांदळाचा लाल टिळा लावला, आणि तो गेला. त्या दिवसांत माझं फार कौतुक व्हायचं.

दोन वर्षांनी तो सुट्टीवर आला. तिकिटावर ज्या त्या शहराची वेळ छापलेली असते. आमानं बोटांवर हिशेब केला आणि जाहीर केलं, "जाताना सात तास, येताना अडीच."

शेजारची माइली हसली. "वाट तेवढीच ना, दिदी? मग येताना काय उतार लागतो?"

"घरी यायचं म्हटलं की विमानालाही घाई होते."

दोन्हीकडून पावणेपाच तासच लागतात, हे नबराजला ठाऊक होतं. पण तो म्हणाला, "हो आमा, उतारच आहे." मलाही त्याचं काही वाटलं नाही.

तो परत गेला. पुढच्या भदौत, म्हणजे भाद्रपदात, एका सकाळी तिकडच्या खोलीत तो झोपेतून उठलाच नाही.

त्याच्या देहाची पेटी आणायला त्याचे वडील विमानतळावर गेले. विमान सुटल्याचा निरोप त्याच्या तिकडच्या मित्रानं फोनवर दिला. आमा माझ्याखाली येऊन बसली. दाराशी तिनं घागरी भरून ठेवल्या होत्या. माइलीनं त्या पाहिल्या आणि ती तिच्याजवळ येऊन बसली.

अडीच तास झाले. विमानतळावरून काहीच कळेना. आमाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी थोडा रंग आला.

"माइली, हे त्याचं विमान नाही."

"असं काय बोलतेस, दिदी?"

"घरी येणारं विमान अडीच तासांत येतं. तो यात नाही. दुसऱ्याच कुणाची पेटी धाडलीय त्यांनी."

मी चालत राहिलं. मला दुसरं काही येत नाही. आणखी सव्वादोन तासांनी फोन वाजला. आमानं तो उचलला नाही.

मित्रांनो, आजही माझ्याकडे बघून ती म्हणते, "आता सुटली असेल पाळी." माझी धूळ रोज पुसली जाते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नबराजचे वडील एकदा स्टुलावर चढले, काट्याला बोट लावलं आणि तसेच खाली उतरले.

थानकोटला कधी आलात, तर आधी आमाजवळ बसा. तिच्या हातचा चहा प्या, नबराजबद्दल विचारा. मग माझे काटे मागे घेऊ का, असंही विचारा. ती हो म्हणाली, तरच घ्या.