धाकटीचा टीव्ही अर्धं मिनिट पुढे

टेलरताईंच्या तोंडाला लागायची गल्लीत कुणाची टाप नव्हती. पण त्यांचा सगळ्यात जास्त राग ज्या बाईवर होता, ती त्यांना कधी भेटलीच नव्हती. ती रोज दुपारी तीनला टीव्हीवर यायची. नवऱ्याचा मार खायची, बॅग भरून निघायची आणि चार भागांनी पुन्हा त्याच्याच दारात उभी राहायची. ताईंनी आणि त्यांच्या धाकट्या बहिणीनं तिचं नाव रडूबाई ठेवलं होतं. तीच रडूबाई तापानं फणफणली, तेव्हा ताईंना आठवडाभर घास गोड लागला नव्हता. जीवही लावायचा आणि उद्धारही करायचा, असा तो प्रकार.

मालिका बघायची तीही जोडीनं. धाकटी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तीनच्या ठोक्याला फोन लावायचा, स्पीकरवर ठेवायचा आणि भाग संपेपर्यंत तोडायचा नाही, हा दोघींचा चार वर्षांचा नेम. ताई गिऱ्हाइकांच्या कोटांना अस्तर लावता लावता रडूबाईची खरडपट्टी काढत. अडचण एवढीच की धाकटीचा टीव्ही अर्धं मिनिट पुढे पळायचा. तिच्याकडे कुणी रडलं की ताईंना ते आधी फोनमधून ऐकू यायचं आणि मग पडद्यावर दिसायचं. ताईंना याची इतकी सवय झाली होती, की फोनमध्ये हुंदका ऐकला की त्या सुई थांबवून वर बघत.

त्या दिवशी पडद्यावर रडूबाई गच्चीत कपडे वाळत घालत होती. फोनमधून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मग थप्पड. मग पुरुषाचा दबका आवाज, "किती वेळा सांगितलं तुला?"

"आला मेला!" ताई कडाडल्या. "आता बघ, ही बया हूं की चूं करायची नाही."

आणखी एक थप्पड. धाकटी काही बोलली नाही. ताईंनी सुई अस्तरात खोचली आणि पडद्याकडे डोळे लावून बसल्या.

अर्धं मिनिट गेलं. रडूबाईनं चादर झटकली. एक मिनिट झालं. तिनं चिमटे लावले. मग शेजारीण आली, हवापाण्याच्या गप्पा झाल्या आणि जाहिराती सुरू झाल्या. थप्पड काही आली नाही.

आधी ताईंनी मनाची समजूत घातली, की धाकटीनं दुसरंच काहीतरी लावलं असेल. पण तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. "ताई, गोळ्या चुकवायच्या नाहीत हं," असं औषधांच्या दुकानातून मायेनं बजावणारा. धाकटीचा नवरा दुपारी दुकान बंद करून घरी जेवायला यायचा. असा नवरा शोधून सापडायचा नाही, असं ताईच चारचौघांत सांगायच्या.

फोनमध्ये दार आपटलं. नळ बराच वेळ वाहत राहिला. मग धाकटी आली.

"हां ताई, जरा आत गेले होते. काय म्हणाली आपली रडूबाई?"

आवाज अगदी रोजचा. त्या रोजच्या आवाजानंच ताईंच्या अंगावर काटा आला. म्हणजे हे आजचं नव्हतं. आजवर असे किती आवाज फोनमधून आले आणि आपण किती वेळा पडद्याकडे बघत बसलो?

"तो गेला का?" त्यांनी विचारलं.

"कोण गं?"

"टीव्हीतलं होतं म्हणून सांगू नकोस. इथे ती कपडे वाळत घालत होती."

धाकटीनं टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "सात वर्षं झाली, ताई."

"आणि मला सांगितलं नाहीस? मी काय मेले होते?"

"येणार होते गं. तीनदा बॅग भरली."

"मग?"

"मग तीन वाजायचे. तू रडूबाईला म्हणायचीस, असल्या बायकांना मार खायची हौसच असते. अशी माझी बहीण असती तर दारात उभी केली नसती. मी हो हो म्हणायचे, आणि फोन ठेवून बॅग रिकामी करायचे."

कपडे घालून बघायच्या मोठ्या आरशात ताईंना स्वतःचं तोंड दिसलं, आणि इतकी लाज वाटली की त्यांनी पाठ फिरवली. त्या बोलण्यावर धाकटी हसायचीसुद्धा. ते हसू त्यांना आता सहन होईना.

"आत्ता भर बॅग," त्या कशाबशा म्हणाल्या. "तो दुकानातून यायच्या आत मी टॅक्सी घेऊन येते."

"ताई."

"काय?"

"आणि मी पुन्हा त्याच्याकडे गेले तर?"

चार वर्षं घोटलेलं उत्तर ताईंच्या ओठांवर आलंच होतं. त्यांनी ते गिळलं.

"तर पुन्हा न्यायला येईन."

"आणि त्यानंतरही गेले तर?"

"तरीही येईन गं. शिव्या घालत येईन, पण येईन."

मग धाकटी रडायला लागली, अगदी मोठ्यानं. ताईंनी गिऱ्हाइकाचा कोट तसाच मशीनवर टाकला आणि गळ्यात टेप लटकत असतानाच त्या टॅक्सी शोधायला धावत सुटल्या.