पेपरमिटचा डबा

"बाबांच्या चेल्याचं पोट बघ गो. गेल्या बेस्तरवारी एवढं नव्हतं," गोदूच्या मागची बाई पुटपुटली. शेजारच्या भामानं डोळे वटारून तिला गप्प केलं.

गुरुवार होता, आणि पनवेल बंदरावरच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांचा चमत्कारच तसा होता. कुणीही घरून पेपरमिटच्या गोळ्यांनी काठोकाठ भरलेला डबा आणावा. बाबा तो हातात तोलणार, डोळे मिटून आकडा सांगणार. मग चेला ओंजळीओंजळीनं मोजणार आणि आकडा तंतोतंत येणार. "ज्याला डब्यातलं दिसतं, त्याला पोटातलं दिसणार नाही?" असं म्हणत बाबा रोग्याला रोज एक गोळी चोखायला देत. अट एकच, डॉक्टरची बाटली घरात आणायची नाही. देव भारी मानी. त्याला बाटलीचा शेजार खपत नसे.

गोदूची नात मालू नऊ दिवस तापानं फणफणत होती, आणि सून जनी बाबांच्या शब्दाबाहेर जायला तयार नव्हती. शेवटी सासूसुनेचं ठरलं, आकडा चुकला तरच दवाखाना.

गोदूचा जन्म मिठागरात मीठ मापण्यात गेलेला. रास बघून किती मापं भरतील ते ती चालता चालता सांगे. त्यासाठी तिला कधी कुणी हार घातला नव्हता. बाबांचा अंदाज तिला उमगला. पण तंतोतंत? गेल्या गुरुवारी तिनं चेल्याचे हात नीट पाहिले. गोळ्या कमी पडल्या की बाहीतून गळत, जास्त झाल्या की प्रसाद म्हणून त्याच्याच तोंडात जात.

मापात दुसरं बूड बसवून ठकवणारा एक मुकादम तिनं तरुणपणी पाहिला होता. आज तिनं त्याचीच विद्या वापरली. डब्याच्या तळाशी जड पितळी वाटी उपडी घातली, चिंध्यांनी घट्ट बसवली, वर गोळ्या भरल्या.

बाबांनी डबा तोलला. "सहाशे बारा."

चेला मोजू लागला. चारशेच्या पुढे हात मंदावला, बाही गळू लागली. चारशे एक्केचाळीसला बाहीही संपली आणि डब्यात चिंध्या दिसल्या.

गोदूनं वाटी काढून वर धरली. "मालूचं पोट दिसलं, आन वाटी नाय दिसली? अंदाज मिठागरात कुनालाबी येतो, बाबा. तापाला डाक्तरच लागतो."

बाबा म्हणाले, खरकट्या वाटीनं दृष्टी अडली. लोकांनी माना डोलावल्या. इतके गुरुवार आपण फसलो म्हणण्यापेक्षा वाटीला दोष देणं सोपं होतं. मालूला छातीशी धरून जनीही बसूनच राहिली.

भामाकडे मात्र कुणी बघेना. वर्षापूर्वी तिचा शिवा तापात गेला, तेव्हा त्याच्या उशाशी ह्याच गोळ्या होत्या. मांडवातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि सगळेच म्हणत, देवानं नेला. भामा सगळ्यांत मोठ्यानं म्हणे.

ती उठून उभी राहिली.

"माझ्या शिवाला देवानं नाय नेला," ती म्हणाली. "आमी त्याला दवाखान्यात नेला नाय, म्हनून गेला. जने, पोर उचल."